आधी तळहात बघा



दंतवैद्यांच्या परिषदेत अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायचा प्रघात आहे. मी मात्र जबड्यातल्या सिस्टवर बोलणार आहे, तेही माझ्या हातून झालेल्या चुकीसकट.

नऊ वर्षांचा मुलगा. सुळा येत नाही म्हणून ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एक्स-रे, काढला, तर खालच्या जबड्यात मोठी काळी पोकळी. मी ती समूळ खरवडून काढली आणि तिच्याबरोबर पक्क्या दातांच्या दोन कळ्याही गेल्या. बायॉप्सीत केराटोसिस्ट आला. शस्त्रक्रिया झकास झाली, असं तेव्हा मला वाटलं होतं. दोन वर्षांनी तो पुन्हा आला, आता सिस्ट वरच्या जबड्यात. त्या दिवशी तो पावसात भिजून आला होता. भिजलेल्या तळहातांवर टाचणी टोचल्यासारखे बारीक खड्डे माझ्या ज्युनिअरला दिसले, मला नाही. आईचे हात पाहिले, तर तिथेही तेच. “भांडी घासून झालंय असं वाटायचं,” ती म्हणाली. तिच्या जबड्याचं ऑपरेशन लग्नाआधी दोनदा झालं होतं. मी ते कधी विचारलंच नव्हतं.

हा गॉर्लिन सिंड्रोम. 1960 मध्ये मिनेसोटाचे रॉबर्ट गॉर्लिन आणि त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट गोल्ट्झ यांनी जबड्यातले सिस्ट, त्वचेच्या गाठी आणि दुभंगलेल्या बरगड्या यांची सांगड घातली. गॉर्लिन मुळात दंतवैद्य, हे मी जरा अभिमानानेच सांगतो. यामागचा पीटीसीएच1 जनुक 1996 मध्ये सापडला. आई किंवा वडिलांना हा सिंड्रोम असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. गोऱ्या लोकांत बऱ्याचदा त्वचेच्या कर्करोगावरून निदान होतं. आपल्या सावळ्या कातडीत तो कर्करोग कमी दिसतो, म्हणून हा आजार आधी आपल्याच खुर्चीत येऊन बसतो.

मुलांत करायचं काय? केराटोसिस्टचं अस्तर जेमतेम सहा-आठ पेशींचं, ओढलं की फाटतं. शेजारी त्याची पिल्लं, म्हणजे बारीक सिस्ट, दडलेली असतात. म्हणून उरलेल्या पेशी जाळायला आपण कार्नॉयच्या द्रावणाकडे वळतो. पण ते नसेलाही भाजतं आणि दाताच्या कळीलाही. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केराटोसिस्टला ‘ट्यूमर’ म्हटलं, 2017 मध्ये पुन्हा सिस्ट. मधल्या काळात नुसत्या नावाला घाबरून किती जबडे कापले गेले असतील, कोण जाणे.

कळ्या शाबूत असलेल्या मुलात मी आता आधी सिस्टला खिडकी पाडतो. पार्त्शने 1892 मध्ये सांगितलेली युक्ती. नळी टाके घालून बसवायची, मग आईने रोज सिरिंजने सलाईन सोडून पोकळी धुवायची, कित्येक महिने. पोकळी आकसते, अस्तर जाड होतं, हाड भरतं, दाबलेला दात वर सरकू लागतो. उरलेलं अस्तर मग छोट्या शस्त्रक्रियेत निघतं. खरं काम त्या आईचं. पहिल्या दिवशी तिचा हात थरथरतो. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ‘इरिगेशन’ लिहून मोकळं होऊ नका. सिरिंज तिच्या हातात द्या आणि तुमच्यासमोर करून घ्या.

‘असा सिस्ट परततोच ना?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण गॉर्लिनच्या मुलांत नवे सिस्ट नव्या जागी होतातच. त्यांनाही पुनरुद्भव म्हणून मोजलं, तर जास्त कापण्याचं समर्थन आयतंच मिळतं. व्हिस्मोडेगिब या औषधाने सिस्ट आकसल्याच्या नोंदी आहेत. मात्र वाढत्या मुलात त्याने हाडांची वाढ अकाली थांबू शकते, तेव्हा तो मोह नको. किरणोपचार तर नकोतच, त्या जागी त्वचेचे कर्करोग उगवतात. एक्स-रेही मोजूनमापून.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. दोन दात नाहीत, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मागच्या खेपेला त्याची आई चार वर्षांच्या भाचीला घेऊन आली होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “डॉक्टर, हिचे हात दहा मिनिटं पाण्यात ठेवून आणलेत. बघा.”