रक्तातील वारसा आणि वैद्यकाचे कर्तव्य



एका शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानासाठी ‘वारसा’ हा विषय उचितच होय. गुरूने दिलेला वारसा स्वीकारणे शिष्याच्या हाती असते. मातापित्यांकडून जनुकांच्या रूपाने येणाऱ्या वारशात मात्र निवडीला वाव नसतो. त्या वारशातून उद्भवणाऱ्या रोगांचा विचार करणारी शाखा म्हणजे वैद्यकीय आनुवंशिकी.

या शास्त्राच्या दृष्टीने आपल्या देशात 1952 हे वर्ष संस्मरणीय ठरले. त्या वर्षी मुंबईचे डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अपरिचित रक्तगटाचे वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. हा गट जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. या व्यक्तींना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. त्याच वर्षी लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेलचा दोष आढळल्याचे नोंदविले. पुढे विदर्भात, तसेच आपल्या मध्य प्रदेशातील मंडला, दिंडोरी, शहडोल, झाबुआ, अलिराजपूर या भागांत त्याचा विस्तार स्पष्ट झाला.

दोष म्हणावा तर किती सूक्ष्म! हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे येते, एवढेच. पण त्यामुळे प्राणवायू कमी होताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. दोष एकाच पालकाकडून आला तर ती व्यक्ती केवळ वाहक असते, रुग्ण नव्हे. हिवतापापासून तिला काही संरक्षणही मिळते. दोन्ही पालक वाहक असले, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढील तीन निरोगी होतील, असे गणित निसर्ग मांडत नाही.

1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीनंतर कार्ड दिले जाते आणि विवाहापूर्वी पत्रिकेप्रमाणे तेही जुळवावे, असे सांगितले जाते. हेतू योग्यच आहे. परंतु आपल्या समाजात पत्रिकेतील मंगळाचा जाच मुलीलाच अधिक होतो. कार्डाचेही तसेच झाले, तर निरोगी वाहक कन्या ‘दोषी’ ठरेल आणि वाहक वर मात्र तपासणीही टाळील. म्हणून चाचणीइतकेच समुपदेशन महत्त्वाचे आहे. अडचण येते ती दोन वाहकांच्या विवाहात. वाहक असणे हा विवाहास अडथळा नव्हे.

काही समजुतीही तपासून पाहावयास हव्यात. सगोत्र विवाह टाळला की रक्तसंबंध टळला, असे आपण मानतो. पण गोत्र पित्याकडूनच मोजले जाते. मामाच्या मुलीचे गोत्र भिन्न असले, तरी मामेबहीण व आतेभाऊ यांच्यात सरासरीने एक अष्टमांश जनुके समान असतात. पोटजातीतच सोयरीक करण्याच्या परिपाटीनेही अप्रभावी दोष एकत्र येतात. ग्वाल्हेरपुरते पाहिले, तर 1947 नंतर येथे स्थायिक झालेल्या सिंधी व पंजाबी कुटुंबांत थॅलेसेमियाच्या वाहकांचा विचार अगत्याने व्हावयास हवा. कारण या समाजांत त्याचे प्रमाण अधिक आढळते.

या शास्त्राला दुसरीही बाजू आहे. गर्भजल तपासणी आली ती आनुवंशिक रोग ओळखण्यासाठी. तिचा उपयोग मुलगी नाकारण्यासाठी झाला. महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि केंद्राने 1994 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. तरीही 2011 च्या जनगणनेत ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुलींची संख्या साडेआठशेहून कमीच भरली. ज्ञान निर्दोष असून भागत नाही; ते ज्या हाती जाते, ते हातही स्वच्छ असावे लागतात.

2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत सिकलसेलवर जनुक-संपादनाच्या उपचारास मान्यता मिळाली. अमेरिकेतील त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. मंडल्याच्या रुग्णाला आज आधार आहे तो हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीचा, वेळेवर मिळणाऱ्या रक्ताचा आणि समजावून सांगणाऱ्या माणसाचा. गोळी व रक्त यांची तरतूद शासन करू शकते; समजावून सांगणारा माणूस समाजालाच घडवावा लागतो.

1946 साली स्थापन झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयामुळे ग्वाल्हेरला वैद्यकीय शिक्षणाची परंपरा आहेच. पण आनुवंशिकीचा पहिला धडा वैद्यकीय महाविद्यालयात नव्हे, शाळेच्या वर्गात गिरविला जातो. मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढताना शिक्षकाने एवढे एकच वाक्य जोडावे : ‘आजारी मूल जन्मले, तर दोष आईचा नसतो, आणि मुलगी जन्मली, तर तो दोषच नसतो.’ दिवंगत गुरुजनांच्या स्मृतीस याहून योग्य आदरांजली मला सुचत नाही.