परक्या शहरात बसावे कुठे?

युरोपची प्रवासवर्णने लिहिणारे आपले लेखक सदैव चालत असतात. सकाळी वस्तुसंग्रहालय, दुपारी एखाद्या जुन्या चर्चचा मनोरा, सायंकाळी नदीवरचे पूल आणि रात्री दमलेल्या पायांनी हॉटेलात परतून घरच्या पत्रात या सर्वांचा जमाखर्च, असा त्यांचा दिनक्रम असतो; तो वाचता वाचता वाचकाच्याही पोटऱ्या भरून येतात. पाहुणा म्हणून जिथे जिथे गेलो तिथे मीही तेच केले. परंतु ज्या शहरात माणूस बिऱ्हाड करून राहतो तिथे काय पाहावे हा प्रश्न लवकरच निकालात निघतो आणि रोजचा, अगदी साधा असा एक प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे बसावे कुठे. आपल्या गावात पार असतो, देवळाचा सभामंडप असतो, कुणाची तरी ओसरी असते. तेव्हा हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. निदान ज्यांना त्या पारावर आणि त्या सभामंडपात चढू दिले जाते, त्यांना तरी पडत नाही.

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात, एका जुन्या घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर माझी खोली होती. ती मिळण्यापूर्वी दुकानांच्या काचांआड लावलेल्या भाड्याच्या चिठ्ठ्या मी पुष्कळ वाचल्या. गौरेतरांनी चौकशी करू नये, असा स्पष्ट मजकूर ज्यांच्यावर होता त्यांनी माझा वेळ तरी वाचवला. खोलीत गॅसची शेगडी होती. शेजारच्या मीटरमध्ये एक शिलिंग सरकवून कळ फिरवली आणि काडी लावली, म्हणजे शेगडीतल्या मातीच्या जाळीदार कांड्या हळूहळू लाल होत, आणि त्यांच्यासमोर बसले असता गुडघे भाजत व पाठ मात्र गारठलेलीच राही. शिलिंगाची मुदत भरत आली की ज्योती बुटक्या होत, फट्‌ असा आवाज होई, आणि मग ओव्हरकोटासकट अंथरुणात शिरावे किंवा सरळ रस्ता धरावा, याखेरीज तिसरा मार्ग नसे. चहाच्या दुकानात पेला रिकामा झाल्यावर बसून राहणे असभ्यपणात जमा होते. बागांतल्या खुर्च्यांना भाडे पडे, आणि नोव्हेंबर ते मार्च त्या फुकट दिल्या असत्या तरी कुणी घेतल्या नसत्या.

या अवस्थेत ब्रिटिश म्युझियमच्या वाचनदालनाने मला आसरा दिला. तिथे प्रवेशासाठी रीतसर अर्ज करावा लागे, सोबत एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचे शिफारसपत्र जोडावे लागे; पण एकदा तिकीट हाती पडले की दरवानापासून ग्रंथपालापर्यंत कुणीही तुमच्या वर्णाची किंवा खिशाची विचारपूस करीत नसे. १८५७ साली उघडलेले ते वर्तुळाकार दालन, त्यावरचा एकशेचाळीस फूट व्यासाचा, रोमच्या पँथिऑनपेक्षा अवघ्या दोन फुटांनी लहान असलेला घुमट, मध्यभागी सूचिग्रंथांच्या मांडण्या आणि तिथून परिघापर्यंत गेलेल्या मेजांच्या रांगा, हे सारे वैभव छायाचित्रांतून आपण पाहिलेच असेल. छायाचित्रात दिसत नाही ते मेजाखाली आहे. तिथे पाय टेकण्यासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक नळी बसवलेली आहे, आणि थंडीत तीतून गरम पाणी फिरवून वाचकांचे पाय उबदार ठेवावेत अशी मूळची योजना होती. वाचणाऱ्याच्या डोक्याची काळजी घेणारी ग्रंथालये जगात पुष्कळ असतील. पायांची काळजी घेणारे ग्रंथालय ज्याने कल्पिले त्याला थंडीचा आणि दारिद्र्याचा प्रत्यक्ष परिचय असला पाहिजे, असे मला वाटे.

आणि तो होताच. हे दालन ज्यांच्या कल्पनेतून उभे राहिले ते अँटोनिओ पानित्झी इंग्रज नव्हते. इटलीतल्या मोडेनाच्या राज्यात राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांच्या गैरहजेरीत त्यांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली होती. तिथून निसटून ते १८२३ साली निर्वासित म्हणून इंग्लंडात आले, इटालियन भाषेच्या शिकवण्या करून त्यांनी पोट भरले आणि पुढे म्युझियमचे प्रमुख ग्रंथपाल झाले. इंग्रजांच्या राजधानीत परक्याला बसायला जी सर्वोत्तम जागा मिळाली ती अशी एका परक्यानेच करून ठेवलेली होती. कार्ल मार्क्स इथे वर्षानुवर्षे बसला, लेनिनने १९०२ साली इथे बसण्यासाठी टोपणनावाने तिकीट काढले, आणि १९२० नंतरच्या आपल्या लंडनच्या मुक्कामात डॉ. आंबेडकर सकाळपासून दालन बंद होईपर्यंत इथे वाचीत असत. ज्या गावच्या पारावर त्यांना जागा नव्हती त्या गावच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

माझ्या नेहमीच्या जागेच्या शेजारी एक वयोवृद्ध गृहस्थ बसत. ते मूळचे व्हिएन्नाचे, पेशाने वकील. परंतु ज्यू असल्यामुळे १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचे सैन्य त्या शहरात शिरल्यानंतर त्यांची सनद गेली, बिऱ्हाड गेले, आणि लंडनमध्ये येऊन त्यांनी कुठल्याशा कचेरीत कारकुनी पत्करली होती. मी व्हिएन्नाला जाणार असे कळताच त्यांनी पुस्तके मागवण्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर एका कॉफीगृहाचे नाव लिहून दिले. राजवाडे, चित्रशाला यांविषयी ते काही बोलले नाहीत. स्वतः परत जाण्याचा विषय मी एकदा काढला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पुस्तकात मान घातली.

वाटेत पॅरिस लागले. तिथल्या लुक्सांबूर उद्यानात लोखंडी खुर्च्या मोकळ्या मांडलेल्या असत. त्यांतली एखादी उचलून झाडाखाली किंवा मुले शिडाच्या होड्या सोडतात त्या तळ्याकाठी ओढून न्यावी, आणि आता आपल्याला कुणी पाहिले नाही असे वाटू लागावे, तोच एखादी म्हातारी तिकिटांचे पुडके घेऊन समोर उभी राही. हातांच्या खुर्चीला भाडे अधिक पडे, बिनहातांचीला कमी. पैसे भरले म्हणजे उन्हाबरोबर खुर्ची फिरवीत नेण्याचा हक्क तुमचा होई. हा व्यवहार मला चोख वाटला.

व्हिएन्नात मी पोचलो तेव्हा १९५५ चा करार होऊन चारही विजेत्या राष्ट्रांची सैन्ये निघून गेली होती, युद्धात जळालेले ऑपेराचे नाट्यगृह पुन्हा उघडले होते, आणि लोक ज्या त्या गोष्टीला नवा रंग देण्यात गुंतले होते. चिठ्ठीवरचे कॉफीगृह मात्र जुनेच होते. काळपट लाकूड, संगमरवरी मेजे, झिजलेल्या मखमलीची आसने, आणि भिंतीशी वेताच्या चौकटींत अडकवलेली देशोदेशींची वर्तमानपत्रे. रुपेरी तबकात कॉफीचा पेला आणि त्यासोबत पाण्याचा ग्लास येतो, ग्लासावर चमचा पालथा घातलेला असतो. कॉफी संपे, पाणी संपत नसे, कारण एक पोरसवदा मुलगा न सांगता ग्लास बदलून जाई, आणि ही जणू तुमच्या बसण्याच्या परवान्याची मुदतवाढ असे. ते पाणीही साधे नव्हे. एडुआर्ट झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञाने आग्रह धरल्यामुळे आल्प्सच्या डोंगरांतील झऱ्यांचे पाणी नव्वदांहून अधिक किलोमीटर दुरून, केवळ उताराच्या जोरावर, १८७३ पासून या शहरात येते. एका पेल्याच्या मोबदल्यात अख्खी दुपार, सर्व जगाची वार्ता आणि डोंगरातले पाणी! लंडनला हे कोणी शिकवील काय, असे मनात आले.

या औदार्याचे मूळ अडचणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाची वस्ती इतकी फुगली की पुष्कळांना खोली सोडाच, स्वतंत्र खाटही परवडत नसे. दिवसा एकाने आणि रात्री दुसऱ्याने एकाच अंथरुणावर झोपावे असे करार होत. ज्याला घरी दिवाणखाना नाही त्याचा दिवाणखाना म्हणजे कॉफीगृह. टपाल तिथे येई, मित्र तिथे भेटत, लेखक तिथे लेख लिहीत. आणि त्या मेजांवर बसणाऱ्या वकील, डॉक्टर, लेखक मंडळींत ज्यूंचा भरणा मोठा होता. १९३८ पूर्वी व्हिएन्नात जवळजवळ दोन लाख ज्यू राहत होते. मी गेलो तेव्हा त्यांच्यापैकी फार थोडे उरले होते, आणि तो विषय निघालाच तर हिटलरने ऑस्ट्रियावर किती अन्याय केला एवढेच ऐकायला मिळे.

तिथे वरिष्ठ वाढप्याला ‘हेर ओबर’ म्हणतात, आणि पैसे घेण्याचा मान तेव्हा त्यालाच असे. टोपलीतले किती पाव खाल्ले हे तुम्ही सांगायचे, त्याने ते खरे मानायचे, ही वहिवाट होती. काळा कोट घातलेले, पिकल्या केसांचे ते ओबर मला काही दिवसांनी ओळखू लागले, तेव्हा मी लंडनच्या गृहस्थांचे नाव घेतले. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. खिडकीजवळचे दुसरे मेज, बिनदुधाची कॉफी, साखर नाही, आधी झुरिचचे वर्तमानपत्र, मग इथले. मग त्यांनी विचारले, वकीलसाहेबांना तिकडे कॉफी कशी मिळते? मी खरे ते सांगितले की लंडनमध्ये बाटलीतला चिकोरीमिश्रित काळा पाक गरम पाण्यात ढवळून त्याला कॉफी म्हणत. ओबर मनापासून हळहळले. या वयात असे हाल होऊ नयेत, असे दोनदा म्हणाले. ते इथून का गेले हे मात्र त्यांनी विचारले नाही, आणि हिशेबासाठी पलीकडच्या मेजाकडे वळले.