नाणं आरशासारखं का चमकतं?

आजचा भाग छोटा आहे, पण कुणी ऑनलाइन 'प्रूफ नाणं आहे' म्हणून काही चकचकीत विकत असेल, तर पैसे देण्याआधी ऐकाच.

नाणं पाडताना धातूची कोरी चकती दोन पोलादी डायमध्ये दाबतात. डायचा सपाट भाग घासून गुळगुळीत केला असेल, तर नाण्याचा सपाट भागही आरसा होतो. प्रूफ नाण्यांसाठी हे मुद्दाम करतात, चकत्याही चमकवतात आणि एकापेक्षा जास्त वेळा ठोकतात. चलनातल्या नाण्यांचे एवढे लाड कोण करणार? तिथे घासणं ही बऱ्याचदा दुरुस्ती असते. कधी चकती यायचीच राहते, दोन्ही डाय एकमेकांवर आदळतात आणि एकाची नक्षी दुसऱ्यावर उमटते. ती घासून काढावी लागते. म्हणजे बग फिक्स करताना भलतंच सुंदर फीचर मिळालं! (आमच्याकडे असं होत नाही.)

गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा चांदीचा मॉर्गन डॉलर, १८७८ ते १९०४ आणि परत १९२१ मध्ये पाडलेला. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीतली १८८० आणि १८८१ची कित्येक नाणी अशी आरसपानी आहेत. संग्राहक त्यांना 'प्रूफलाइक' म्हणतात. समोर छापील अक्षरं धरायची आणि किती इंचांपर्यंत प्रतिबिंब स्वच्छ वाचता येतं, ते बघायचं.

पण आरसा टिकत नाही. प्रत्येक दाबाला धातू कडेकडे सरकतो, त्याने डायवर अतिबारीक रेषा पडत जातात. मग नाणं तिरकं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरणारी ती नेहमीची चमक येते. आरसा मिळतो तो डाय नुकताच घासलेला असताना पाडलेल्या नाण्यांनाच.

आता कामाचं. घरी पॉलिश केलेलं नाणंही चकाकतं. मग ओळखायचं कसं? भिंग घ्या. डायवरचे ओरखडे नाण्यावर उठून येतात आणि अक्षरांपाशी थांबतात, कारण डायमध्ये अक्षरं खोल असतात, घासणी तिथे पोचत नाही. नाणंच घासलं असेल, तर रेषा आत कोरलेल्या असतात आणि अक्षरांवरूनही बिनधास्त जातात. अशा नाण्याचा भाव संग्राहक लगेच पाडतात. म्हणून आजीच्या डब्यात जुना चांदीचा रुपया सापडला, तर पितांबरी लांबच ठेवा. विक्रेत्याकडे मात्र अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर मी तरी घेणार नाही.