काय गेले, काय उरले?

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त केलेले भाषण)



बेंगळुरूच्या नळांना येणारे कावेरीचे पाणी मंड्या जिल्ह्यातून, म्हणजे उसाच्या प्रदेशातून उचलले जाते. उसातील तण मारण्यासाठी अ‍ॅट्राझिन हे तणनाशक वापरतात. असे द्रव्य पावसाबरोबर प्रवाहात उतरले, तर वाळूची गाळणी आणि क्लोरीन त्याला पुरेसे रोखू शकत नाहीत.

यावरील एक उपाय प्रकाशाचा आहे. पांढऱ्या रंगलेपात असणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील किरण पडले की पाण्यात अत्यंत क्रियाशील हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात आणि ती विषारी रेणू फोडतात. उत्प्रेरक मात्र खर्ची पडत नाही. जपानच्या फुजिशिमा व होंडा यांच्या १९७२ मधील शोधनिबंधाने या पदार्थाकडे जगाचे लक्ष वेधले. आपल्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. गिरिधर मद्रास व प्रा. एम. एस. हेगडे यांनी सहकाऱ्यांसह, ज्वलनपद्धतीने सिद्ध केलेल्या याच पदार्थाच्या साहाय्याने, सूर्यप्रकाशात रंगद्रव्यांचे विघटन साधले.

परंतु अ‍ॅट्राझिनचे विघटन सायन्युरिक आम्लापाशी थांबते. हे आम्ल पुष्कळ सौम्य असले, तरी मूळ रेणूचे कडे त्यात अभंग राहते. ‘नाहीसे झाले’ आणि ‘शुद्ध झाले’ यांत एवढे अंतर आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रयोगशाळेत ‘काय गेले?’ याबरोबर ‘काय उरले?’ हेही विचारा. आणि ध्यानात ठेवा, शेतात जे विनाकारण फवारलेच नाही, ते पाण्यातून काढावे लागत नाही.