११६ धावांची पिछाडी



विदर्भातल्या क्रीडाशिक्षकांचे हे संमेलन सीताबर्डीत भरले आहे. नागपूरकर या भागाला नुसते बर्डी म्हणतात. मेट्रोच्या दोन मार्गिका इथे एकत्र येतात, मेन रोडवर खरेदीची झुंबड असते आणि जवळच किल्ल्याची टेकडी उभी आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या टेकडीसाठी भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. संख्याबळ भोसल्यांचे होते, जिंकले इंग्रज. मनाला लागणारा तो पराभव बर्डीने पाहिला आहे. बळ नेमके कशात असते, हा प्रश्न इथे विचारणे म्हणूनच रास्त.

उणीवच कधी कधी बळ कशी ठरते, हे पाहण्यासाठी डिसेंबर २०१७ मधला कोलकात्याचा रणजी उपांत्य सामना आठवावा. विदर्भ १९५७-५८ पासून ही स्पर्धा खेळत होता आणि इतक्या वर्षांत उपांत्य फेरी पहिल्यांदाच वाट्याला आली होती. समोर कर्नाटक. पहिल्या डावात विदर्भाच्या १८५, कर्नाटकाच्या ३०१. सामना अनिर्णित राहिला असता, तर पहिल्या डावातल्या आघाडीवर कर्नाटकच अंतिम फेरीत गेले असते. बचाव करून काहीच हाती लागणार नव्हते.

कर्णधार फैज फजलच्या विदर्भ संघाला त्या ११६ धावांच्या पिछाडीने एकच वाट ठेवली: जिंकायचे. दुसऱ्या डावात ३१३ धावा उभ्या राहिल्या. १९८ धावांचा पाठलाग करणारे कर्नाटक १९२ वर संपले. वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानीने त्या डावात ७ बळी घेतले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक साधली. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ प्रथमच रणजी विजेता ठरला. २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही करंडक विदर्भाचाच होता.

विदर्भाचाच वेगवान गोलंदाज उमेश यादव याची वाट आणखी खडतर. वडील कोळसा खाणीत कामगार, पोलीस भरतीत अपयश आणि विशीच्या उंबरठ्यापर्यंत सगळे क्रिकेट टेनिस बॉलचे. अकादमीच्या हिशेबाने तो उशिरा आलेला मुलगा होता. पण हलक्या चेंडूला वेग द्यायचा तर खांदा आणि पाठ झोकून टाकावी लागते. तोच वेग लेदर बॉलवर कामी आला आणि २०११ मध्ये तो भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाच्या संघातून तिथवर पोहोचलेला तो पहिला खेळाडू.

फुटबॉलमध्येही हेच दिसते. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, तेव्हा त्या मुलांकडे मोठे मैदान नव्हते. बेघरांसाठीच्या होमलेस वर्ल्ड कप या फुटबॉल स्पर्धेत मात्र एका संघाचे चारच खेळाडू उतरतात आणि मैदान जेमतेम २२ मीटर लांब, १६ मीटर रुंद असते. चिंचोळ्या जागेत चेंडू पायाशी राखण्याची सवय तिथे उपयोगाची ठरते. नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओत झालेल्या याच स्पर्धेत भारताचा कर्णधार होता.

या उदाहरणांत गरिबीचे कौतुक शोधू नये. खाणकामगाराच्या मुलाला जिल्ह्याच्या निवडीत कुणीतरी संधी दिली. वस्तीतल्या मुलांना बारसे सर भेटले. विदर्भाच्या संघाला प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त आणि ज्येष्ठ फलंदाज वसीम जाफरचा अनुभव मिळाला. हे हात वेळेवर पुढे आले नाहीत, तर तेच वेगवान खांदे आणि तेच चपळ पाय गल्लीतच थकतात. अशी किती मुले हातची गेली असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

म्हणून स्वागत समिती या संमेलनापुढे तीन सूचना ठेवते. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांना निवड समितीची माणसे पाठवावीत. ज्या शाळांना मोठे मैदान नाही, त्यांच्यासाठी चार खेळाडूंचे फुटबॉल सामने भरवावेत. उशिरा खेळाकडे वळलेल्या मुलांसाठी प्रशिक्षणाचा वेगळा वर्ग असावा. यांवर आज मोकळी चर्चा व्हावी आणि समारोपाआधी ठराव यावा, ही विनंती करून समिती पुढची सूत्रे संमेलनाध्यक्षांच्या हाती देत आहे.