कापजोड करताना मन कुठे असते?



आपल्या वर्गातल्या काही मंडळींना सध्या एक नवा छंद लागला आहे. मोबाईलवर चित्रण करायचे, त्यातले नको ते कापायचे, हवे ते जोडायचे. याला एडिटिंग म्हणतात. आपण कापजोड म्हणू. छंद चांगला आहे. पण तक्रार सगळ्यांची एकच. "गुरुजी, बसतो कापजोडीला, आणि तासाभरानं पाहतो तर भलतंच काहीतरी बघत बसलेलो असतो!"

यात सगळा दोष तुमचाच, असे मी म्हणणार नाही. सुतार रंधा हाती घेतो, तेव्हा रंधा त्याला तमाशा दाखवत नाही. मोबाईल मात्र हत्यारही आहे आणि जत्राही आहे. जत्रेत बसून शिवण शिकायचे कसे? म्हणून बसण्याआधी इंटरनेट बंद करा. साध्या कापजोडीला ते बहुधा लागत नाही. अडले तर लगेच शोधायला धावू नका. कागदावर लिहून ठेवा. तुम्हाला आता लिहिता येते ना? मग ते इथे कामाला येऊ द्या.

आता थोडे गणित करू. मोबाईल साधारणपणे एका सेकंदात 30 चित्रे घेतो. म्हणजे एका मिनिटात 1800. अर्ध्या तासाचे चित्रण घेऊन बसलात तर 54,000 चित्रे झाली. नवशिक्याचे मन भांबावणारच! म्हणून पहिले काम दोन मिनिटांचे घ्या. त्यातही आज फक्त कापायचे. गाणे, अक्षरे, रंग हे सगळे नंतर. एकाच दिवशी सगळे करू पाहणारा दमतो, आणि दमला की जत्रेत जातो.

दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जन्म 1870, गाव त्र्यंबकेश्वर. हा माणूस चाळिशीच्या घरात सिनेमा शिकायला निघाला! सिनेमाच्या वेडापायी त्यांनी डोळ्यांना इतका ताण दिला की, काही काळ त्यांना दिसेनासे झाले. औषधपाणी केल्यावर दृष्टी परत आली. (तेवढे मात्र त्यांचे पाहून करू नका. थोड्या थोड्या वेळाने नजर खिडकीबाहेर न्या.) 1912 मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. मग लगेच राजा हरिश्चंद्राचा दरबार भरवला का? नाही. आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. अंकुर कसा वाढतो, त्याची दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वर येताना दिसले, तेव्हा लोक थक्क झाले आणि भांडवल मिळाले.

पुढे 3 मे 1913 रोजी मुंबईला गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फिल्मची लांबी सुमारे 3700 फूट. एका फुटात 16 चित्रे. हिशेब तुम्हीच करा. त्या फिल्मच्या कडेला बारीक भोके पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात बसून करीत. त्यांचं नाव लोक घेत नाहीत, हे मला खटकतं.

आणखी एक भीती असते. चुकीचे कापले तर? वेरूळचे कैलास लेणे आपल्याला काही दूर नाही. आठव्या शतकातल्या कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत आणला. उडालेली कपची परत बसणार नव्हती. तुमचे तसे नाही. ॲपमध्ये कापले तरी मूळ चित्रण बहुधा मोबाईलमध्ये तसेच राहते. फक्त ते पुसू नका, म्हणजे झाले.

हे मुद्दाम सांगतो, कारण वर्गातल्या एका बाईंनी आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर घेतल्या होत्या. आई फार थकलेली. चित्रण चाळीस मिनिटांचे. मोबाईलची जागा भरली, नवे काही मावेना. नातू म्हणाला, "आजी, मोठ्ठं आहे ते पुसून टाक." बाईंनी ऐकले नाही. आधी त्याची दुसरी प्रत भाचीच्या संगणकावर ठेवली. मग रोज सकाळी चहा झाल्यावर अर्धा तास, इंटरनेट बंद करून, एकेक ओवी वेगळी काढली. कोणती कुठे सुरू होते, ते वहीत लिहिले. अक्षर वेडेवाकडे, पण वाचता येते. आतापर्यंत अकरा ओव्या निघाल्या आहेत. बाराव्या ओवीत मध्येच कुकरची शिट्टी वाजते. ती कापायची की ठेवायची, हे त्यांनी आईलाच विचारले. आई म्हणाली, "राहू दे गं, घर हाय ते."