शास्त्रदान आणि आपले ग्रंथालय
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. तेथील श्रावकांनी ही काळजी घेतली नसती, तर षट्खंडागम आज आपल्या हाती नसता. परंतु यात्रेकरूंना त्या ग्रंथांचे दर्शन घडे, वाचन नव्हे. १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड संपादून प्रसिद्ध केला. पुढे १६ खंडांत हे श्रुतधन अभ्यासकांना खुले झाले.

आपल्या ग्रंथालयात जपणूक आहे, वाचन कितपत आहे? कपाटे उघडली तेव्हा एकाच पूजासंग्रहाच्या कितीतरी कोऱ्या प्रती निघाल्या. दहावीला अर्धमागधी घेतलेली एक मुलगी मात्र शब्दकोश मागावयास आली आणि रिकाम्या हाताने परतली. तो आपल्याकडे नव्हता.

याचे कारण आपल्या औदार्यातच आहे. आहार, औषध, अभय यांच्याबरोबर शास्त्रदानाला आपण श्रेष्ठ मानतो. वडिलधाऱ्यांच्या पुण्यस्मरणार्थ पुस्तके छापून वाटतो. मीही वाटली आहेत, म्हणूनच हे बोलण्याचे धाडस करतो. अशाने संग्रह दात्याच्या आवडीने वाढतो, वाचकाच्या गरजेने नव्हे. दात्यांना माझी नम्र विनंती आहे, की पुस्तकांऐवजी रक्कम द्यावी आणि निवड ग्रंथालय समितीवर सोपवावी. घेतलेल्या प्रत्येक ग्रंथावर स्मरणार्थ नाव अवश्य घालावे. जादा प्रती खेड्यांतील मंदिरांच्या स्वाध्यायासाठी पाठवाव्यात.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. अनेकांताचा गौरव करावयाचा आणि कपाटात एकाच आम्नायाचे ग्रंथ ठेवावयाचे, हे विसंगत आहे. तत्त्वार्थसूत्र दोन्ही परंपरांना मान्य आहे. मग पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी आणि पंडित सुखलालजींचे विवेचन शेजारी शेजारी का नसावे? ज्ञानेश्वरी, धम्मपद, भारताचे संविधान, विज्ञानाची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकेही हवीत. आजीबाईंसाठी मोठ्या टाइपातील कथाग्रंथ हवेत. जुन्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तके काढून टाकली तर जागा होईल, आणि त्यात श्रुताचा अविनय मुळीच नाही.

मात्र एक वस्तू कदापि काढू नये. ‘जैन बोधक’, ‘प्रगति आणि जिनविजय’ यांचे जुने अंक घर बदलताना रद्दीत जातात. बोर्डिंगे कशी उभी राहिली, कन्याशिक्षणावर कोणते वाद झाले, हा आपल्या समाजाचा इतिहास अशा अंकांतूनच मिळतो. ज्यांच्या माळ्यावर ते असतील त्यांनी कृपया आणून द्यावेत, फाटके असले तरी चालतील.

देवघेवीच्या नोंदवहीशेजारी आजपासून दुसरी वही ठेवली आहे. मागितलेले, परंतु न मिळालेले पुस्तक वाचकाने तीत लिहावयाचे आहे. समितीने दर महिन्याच्या खरेदीपूर्वी ती वाचावी. पहिली नोंद मी केली आहे: अर्धमागधी शब्दकोश.